दोरीवरची लुगडी

लुगडी दोरीवर टाकायची कल्पना अजिनाथची. एरवी त्याच्या डोक्यातून असलं काही निघत नाही. मोटर कधी चालू करायची आणि ऊस कधी तोडायला द्यायचा, यापलीकडे तो फारसा जात नाही. पण धाकट्या आदिनाथला बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर तो सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालत होता, आणि चालता चालता दोरीपाशी थांबला. दोरीवर बापाचं, कारभारीचं, धोतर होतं, बनियनी होत्या, लेंगे होते आणि एक विटका टॉवेल. सगळी गड्यांची कापडं. पोरगी द्यायला आलेली बाई आधी दोरी बघते, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

तो आत गेला, आईची पत्र्याची पेटी उघडली आणि दोन लुगडी काढून आणली. एक हिरवं, एक जांभळं. डांबरगोळ्यांचा वास अंगणभर झाला.

आदिनाथ गोठ्यातून घमेलं घेऊन येत होता, तो जागच्या जागी उभा राहिला.

"दादा, आयची लुगडी ती."

"मग? घरात बाई हाय असं दिसाया नको?"

"न्हाईच तर."

"आज हाय," अजिनाथ म्हणाला आणि लुगड्याचा पदर झटकून दोरीवर सारखा केला. त्यात त्याचा हात जरा जास्त वेळ रेंगाळला, पण ते आदिनाथनं बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी दोघं त्यावर काही बोलले नसते.

पोरांची आई छबूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून सोनईजवळच्या या वस्तीवर तीन गडी राहत होते आणि गोठ्यात चौदा गाई. अजिनाथचं वय निघून गेलं होतं. आमच्याकडं असंच म्हणतात, जणू ते एसटीत बसून कुठं गेलं. आता आदिनाथचं निघायच्या बेतात होतं. त्याला आधी दोन ठिकाणं आली होती. दोन्ही वेळा पाहुण्यांनी पोहे खाल्ले, गोठा बघितला, बागायत बघितली, आणि शेवटी विचारलं, घरात बाई कोण? कुणी नाही म्हटल्यावर पोरीच्या आईनं पदर सावरला. पोरीनं एकटीनं तीन गड्यांच्या भाकरी थापायच्या, दुखलं खुपलं तर सांगायचं कुणाला. तिचंही काय चुकलं? पूर्वी पोरीचा बाप उंबऱ्यावर पागोटं ठेवायचा, आता पोराचा बाप पाहुण्यांच्या चपला उचलून सावलीत ठेवतो. पोरीच इतक्या कमी, की ज्याच्या घरात आहे तो राजा.

म्हणून या खेपेला कारभारीनं शेजारच्या गनीभाईच्या घरातून बायका मागून आणल्या. शेजाऱ्याकडून कुणी विळा आणतं, कुणी शिडी आणतं. कारभारीनं एका दुपारपुरत्या मेहताब आणि तिची पोरगी सुमैरा आणल्या.

मेहताबनं आधीच बजावलं होतं. "भाऊ, मी खोटं बोलनार न्हाई. नाव इचारलं तर मेहताबच सांगीन."

"न्हाई इचारत कुनी."

"न्हाई इचारलं तर माझं तोंड बंद. तेवढं करते. छबूसाठी."

आणि गनीभाईला सांगितलं होतं, की पाहुणे जाईपर्यंत बांधाच्या अलीकडं पाऊल टाकायचं नाही. गनीभाई ईदसाठी बोकडं पाळायचा. तो म्हणाला, "म्हंजी माझीच बायको उसनी देऊन मी बोकडात बसू?" आणि खरंच बोकडांच्या कुंपणात खाट टाकून बसला.

मेहताब स्वयंपाकघरात शिरली आणि दोन क्षण उभीच राहिली. सगळे डबे वरच्या फळीवर. मीठ चहाच्या डब्यात, चहा मिठाच्या बरणीत. छबूच्या हातची मांडणी तिला पाठ होती. खालच्या फळीला हात घातला की हळद, तिच्यामागं जिरं. आता खालच्या फळीवर गाईंच्या औषधाच्या बाटल्या होत्या. तिनं काही न बोलता त्या उचलून बाहेर ठेवल्या आणि डबे एकेक खाली घ्यायला लागली.

"अम्मी, दुपारपुरतंच आलोय ना आपण," सुमैरा म्हणाली. ती नगरला कॉलेजात होती, सुट्टीला आली होती.

"दुपारपुरतं तर दुपारपुरतं. मला असल्या घरात रवा भाजता येत न्हाई."

आदिनाथ नवा शर्ट घालून दारात आला. सुमैरानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. दर राखीला ती या दोघांना राखी बांधायची, त्यामुळं तिला तोंड होतं.

"दादा, पावडर पूस. पिठाच्या डब्यात पडल्यासारखा दिसतोस."

तो गुपचूप गळा पुसत परत गेला. आणि मग कितीतरी दिवसांनी त्या घरात बांगड्या वाजल्या, कुणीतरी कुणाला हाक मारली, रवा भाजल्याचा वास सुटला. ओसरीवर बसलेला कारभारी भिंतीला टेकला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. झोपला नव्हता. ऐकत होता.

पाहुणे आले ते गाडी करून. पोरीचा बाप काकासाहेब, त्याची विधवा बहीण केशरबाई, आणि पोरगी संस्कृती. पोरीचं पहिलं लग्न मोडलं होतं, रीतसर फारकत झाली होती. आता ती सुप्याला कंपनीत पॅकिंगला होती आणि केडगावला आत्याच्या घराजवळ खोली घेऊन राहत होती. हे सगळं मध्यस्थ राधाकृष्णनं आधीच सांगितलं होतं. तो स्वतः मात्र आला नव्हता. त्याच दिवशी त्याला आणखी दोन ठिकाणी जायचं होतं.

केशरबाईनं गाडीतून उतरताच दोरी बघितली. अजिनाथनं सुटकेचा श्वास सोडला.

आत आल्यावर तिनं मेहताबकडं बघितलं. कपाळ मोकळं, डोक्यावर पदर, तोंडानं अबोल. केशरबाईला जे वाटायचं तेच वाटलं, ही घरातली कुणी विधवा बहीण असणार. तिनं जवळ जाऊन मेहताबचा हात धरला.

"आपल्यासारख्या बाईनं घर सांभाळलं की घर टिकतं," ती हळूच म्हणाली. "मी बी सोळा वरसं काढली अशीच."

बांधापलीकडं मेहताबचा नवरा खाटेवर बसून तिसऱ्यांदा मोबाईलवर चहा मागत होता, आणि इथं त्याच्यासाठी कुणीतरी हळहळत होतं. नाव कुणी विचारलं नव्हतं. तिनं ठरल्याप्रमाणं तोंड बंद ठेवलं आणि शिऱ्याची ताटली पुढं केली.

"ही सुमी," कारभारी घाईनं म्हणाला, "पोरांची बहीन."

"घर भरलेलं हाय," केशरबाई भावाला म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं. सतरंजीच्या कडेला बसलेल्या संस्कृतीनं मात्र ताटली खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

चहा झाल्यावर कारभारीनं काकासाहेबाला गोठा दाखवायला नेलं. त्याचा सगळा तोरा या गोठ्यात होता. काळ्यापांढऱ्या गाई, कालवडी, लहान वासरं, ओळीनं बांधलेली, धुतलेली.

काकासाहेब हिंडला, गाईंच्या पाठीवर थापा मारल्या, आणि शेवटी म्हणाला, "गोऱ्हा एक बी दिसत न्हाई."

"हुतच न्हाई," कारभारी खुलून म्हणाला. "डॉक्टर रेताची कांडी भरतो ती कालवडच हुईल अशी. जरा पैसा जास्ती पडतो, पर गोऱ्हा व्हायची भीतीच न्हाई. पाच-सा वरसात दोनच झाले. नगं ते जन्मालाच येत न्हाई आता. लई सोय झाली."

हे बोलला आणि त्याला आपलाच आवाज ऐकू आला.

हेच तो पूर्वी कधीतरी बोलला होता, गोठ्यात नव्हे. अजिनाथ झाल्यावर छबूला दोनदा दिवस गेले होते, आणि दोन्ही वेळा तो तिला नगरला घेऊन गेला होता. एका डॉक्टरकडं, जो आता हयात नाही. दोन्ही वेळा पोरगी निघाली. दोन्ही वेळा येताना छबू एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि हा तिला म्हणाला होता, एकदा सोय झाली की झाली. तिसऱ्या खेपेला आदिनाथ होता, म्हणून आदिनाथ आला. पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. छबूनं कधी तोंडातून काढलं नाही, आणि यानं काढायचं कारणच नव्हतं.

"मग पोळ्याला कसं करता?" काकासाहेब विचारत होता.

"मातीचे बैल आनतो," कारभारी म्हणाला. एका कालवडीनं त्याचा हात चाटला तो त्यानं काढून घेतला नाही.

संस्कृती हात धुवायला म्हणून मागच्या दाराशी आली. तिला तिथून निघून जायचं होतं, सरळ गाडीत जाऊन बसायचं होतं. राधाकृष्णनं आत्याला काय सांगितलं होतं देव जाणे, पण तिला त्यानं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, घरात एकही बाई नाही, विचार करून हो म्हणा. तिनं विचार करूनच हो म्हटलं होतं. त्यासाठीच तर ती आली होती.

पहिल्या सासरी पाच बायका होत्या. सासू, आजेसासू, दोन जावा आणि परत आलेली नणंद. कुणी मारलं नाही, कुणी जाळलं नाही, सांगण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त तिनं पातेल्यात चमचा घातला की पाच चमचे मागून यायचे. ती निजली तर कुणीतरी बघायचं किती वेळ निजली. पाळी आली की पाचही जणींना कळायचं आणि पाचही जणी गप्प व्हायच्या. त्या घरातून सुटल्यावर केडगावच्या खोलीत तिनं पहिल्यांदा एकटीनं भात लावला होता आणि तो करपला होता, आणि ती तो सगळा चवीनं खाऊन बसली होती. आणि आता हे. भरलेलं घर.

हात धुऊन तिनं वर बघितलं तर भिंतीवर आरसा होता. आरशात तिला आपलं कपाळ तेवढं दिसलं, आणि भांग. ती टाचा उंच करून उभी राहिली, तेव्हा डोळे दिसले. फळीवर दाढीचा ब्रश, साबण, एकच मोठी फणी.

तिनं आरशाच्या कडेवरून बोट फिरवलं. काच स्वच्छ होती. ज्या घरात एक जरी बाई नांदते, तिथं आरशाच्या कडेला टिकल्या असतात. अंघोळीला जाताना काढून चिकटवलेल्या, विसरलेल्या, गोंद वाळलेल्या. तिच्या सासरी तर पाचही जणींच्या कडा ठरलेल्या होत्या आणि तिला राहिला होता खालचा कोपरा, जिथं काच तडकली होती. इथं काही नव्हतं. केसांचा चाप नाही, पिन नाही. आणि आरसा टांगलेला पावणेसहा फुटी गड्याच्या डोळ्यांना.

ती अंगणात गेली आणि तिनं लुगड्याला हात लावला. कोरडं ठाक. घड्यांच्या रेषा तशाच. डांबरगोळ्या.

तिला हसू आलं. आणि ते पुरतं यायच्या आत राग आला. पहिल्यांदाही असंच होतं. पोरगा कंपनीत कायम आहे म्हणून सांगितलं होतं आणि तो कधी गेटच्या आत गेला नव्हता.

"पोरांना बोलू द्या जरा," आतून केशरबाईचा आवाज आला. आता हीच रीत आहे.

आदिनाथ तिला मागच्या बांधावर घेऊन गेला. पलीकडं गनीभाईचं कुंपण होतं. गनीभाईनं दोघांना येताना बघितलं आणि खाटेवर उताणा होऊन तोंडावर टॉवेल घेतला. कुंपणात दोन बोकडं टकरा मारत होती. शिंगांचा कडकड आवाज होत होता.

"घर कसं वाटलं?" आदिनाथनं विचारलं.

"घर चांगलंय. पण मला नाही जमायचं."

त्यानं मान हलवली. कारण विचारायची त्याला सवय नव्हती, दोन्ही वेळा त्यानं विचारलं नव्हतं. या खेपेला विचारलं.

"का?"

"बायका लई आहेत तुमच्या घरात. मला वाटलं होतं एकही नसेल. म्हणून तर आले."

आदिनाथ तिच्याकडं बघत राहिला. आतून सुमैराचं हसणं ऐकू आलं, मागोमाग केशरबाईचंही. खरं सांगितलं तर ती हसणारी बाई आत्ता उठून गाडीत बसेल. नाही सांगितलं तर ही समोरची जाईल. त्याला वाटलं, दोन्हीकडून हे ठिकाण जाणारच आहे, तर निदान तोंड तरी मोकळं होऊ दे.

"ती लुगडी आमच्या आयची हायेत," तो म्हणाला. "आय सा वरसामागं वारली. आत हायेत त्या मेहताबचाची, शेजारच्या. ते तिकडं टॉवेल घेऊन पडलेत ते त्यांचे मालक. सुमी त्यांचीच. ती मला राखी बांधती, तेवढं खरं हाय. आमच्या घरात बाई न्हाई."

खाटेवरचा टॉवेल जरासा हलला.

"माहीत आहे," संस्कृती म्हणाली.

"कसं?"

"आरसा कुणी टांगला तुमच्या घरात?"

"दादानं. आय गेल्यावर भिंतीला चुना दिला, तवा. दाढीला वाकाया लागायचं."

"मग बरोबर."

"ठाव हुतं तर बायका लई हायेत म्हनलात कशाला?"

"तुम्ही सांगता का ते बघत होते."

कुंपणातली टक्कर जोरात आली. एक बोकड मागं सरकलं, दुसरं पुन्हा धावून गेलं. तेवढ्यात कोपऱ्यातून एक म्हातारी पांढरी शेळी उठली आणि काही न करता दोन्ही बोकडांच्या मधून चालत पाल्याकडं गेली. दोन्ही थांबली आणि तिच्या मागं गेली.

"ही कोण?"

"गनीचाचानं ठेवलीय. नुसतीच बोकडं असली की खायाचं सोडून हानामारी करत्यात, वाळत्यात. ती असली की ती चरंल तिथं चरत्यात."

संस्कृतीनं त्याच्याकडं वळून बघितलं. "आणि मला कशाला न्यायचंय? त्यासाठीच?"

आदिनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "शेळीला कुनी इचारून आनत न्हाई. तुमाला इचारतोय."

"भाकरी कोण करतं आता?"

"मी करतो. दादाला बी येती, पर कडा जाड राहत्यात. भाकरीसाठी नगं मला कुनी."

"मग?"

हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता. गावात लग्न न झालेल्या पोराला लोक हेच विचारतात, की कधी. कशासाठी ते विचारत नाहीत.

"सांजच्याला दूध काढून घरात येतो आमी," तो म्हणाला. "तिघं बसतो. कुनी कुनाशी बोलत न्हाई. भांडन न्हाई, काही न्हाई. बोलायला काय हाय? गाईनं किती दूध दिलं ते तिघांनी बी बघितलेलं असतं. टीव्ही चालू ठेवतो, कुनाचा तरी आवाज पायजे म्हनून. तुमी भांडलात तरी चालंल मला. खरंच चालंल."

ती हसली नाही.

"आय शेवटी सा म्हयने अंथरुनावर हुती," तो पुढं बोलायला लागला, कारण आता थांबता येत नव्हतं. "खानंपिनं, औशिद, सगळं आमी केलं, तिनं कधी कायी मागितलं न्हाई. पर केस इचरायची येळ झाली का दाराकडं बघत बसायची. उगंच. तिथं कुनी येनारच नव्हतं. मग मी सुमीकडनं शिकून घेतली. तिपेडी येनी. पयल्यांदा घातली ती वाकडी झाली. आय म्हनली, चांगली झालीया. नंतर बरी जमाया लागली, तवर ती गेली."

संस्कृती म्हणाली, "तिथं पाच जणी मला बघत बसायच्या. इथं तिघं माझी वाट बघत बसणार. दिवसभर. मी उठले का, मी बोलले का, मी हसले का. मला त्याचीही भीती वाटते. राग मानू नका."

"न्हाई मानत. खरं हाय ते. आमी बघूच."

"निदान कबूल तरी करताय."

"सवय व्हईल का न्हाई ते ठाव न्हाई. पर सांगितलं तर कळंल आमाला. आमाला कुनी सांगतच न्हाई."

आतून काकासाहेबानं हाक मारली, ऊन कलायला लागलं होतं. संस्कृतीनं पदर खोचला आणि एकदम ठरवल्यासारखी बोलली.

"रविवारी केडगावला या. आत्याला आणि आमच्या वडिलांना तुम्हीच सांगा, घरात बाई नाही म्हणून. खोटं बोलायला सगळे मिळून होतात, खरं सांगायला एकटे या."

"त्ये न्हाई म्हनले तर?"

"म्हणतीलच कदाचित. पण मी तिथं असेन." दोन पावलं जाऊन ती मागं वळली. "आणि येताना लुगडी आणू नका."

निघताना ती पाणी प्यायला म्हणून पुन्हा आत गेली आणि जरा वेळानं तोंड धुऊन आली. केशरबाई तोपर्यंत मेहताबचा हात सोडायला तयार नव्हती.

"तुमी हाय म्हनून धीर येतो बघा," ती म्हणत होती. "न्हाईतर पोरीला इतक्या लांब गड्यांच्या घरात कसं टाकायचं? एकदा पोळलीय ती."

मेहताबनं अजिनाथकडं बघितलं, अजिनाथनं जमिनीकडं. आदिनाथ गाडीचं दार धरून उभा होता. रविवारी आपल्याला काय मोडायचं आहे, ते त्याला त्या दोन धरलेल्या हातांकडं बघून नीट कळलं.

गाडी वळणाआड गेली तसा गनीभाई बांध ओलांडून आला. "आता तरी चहा देता का? का मी मेलोच?"

"गप बसा," मेहताब म्हणाली, आणि तिच्या डोळ्यात पाणी आलेलं बघून तो खरंच गप्प बसला. चहा पिता पिता त्यानं आदिनाथच्या पाठीवर हात ठेवला. "ऐकलं मी सगळं. टॉवेलातनं ऐकू येतं. बरं बोललास. आता रविवारी केडगावात बी असंच बोल."

मग कपबशा धुऊन झाल्या. सुमैरानं चहाच्या आणि मिठाच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मेहताबनं उरलेला शिरा ताटलीखाली झाकून ठेवला, चूल पुसली, आणि तिघं बांधावरून पलीकडं गेली. जाता जाता सुमैरा कशावरून तरी हसली, ते लांबून ऐकू आलं. त्यानंतर गाईंची दावणीतली कुरबूर तेवढी राहिली.

कारभारी अंगणात गेला आणि त्यानं लुगडी काढली. घडी घालायला लागला. एकदा घातली, जमली नाही, पुन्हा उलगडली. जुन्या घड्यांच्या रेषा दिसत होत्या, पण कापड त्यांवरून वळत नव्हतं.

"ह्याची घडी कशी हुती रं?" त्यानं विचारलं.

अजिनाथ जवळ आला, त्यानं दुसरं टोक धरलं. दोघं नऊवारभर अंतरावर उभे राहिले, मग जवळ आले, मग पुन्हा लांब गेले. शेवटी कशीतरी जाड घडी झाली आणि ती पेटीत बसेना. अजिनाथनं ती उशाशी ठेवली. "राहू द्या आज," म्हणाला. कारभारीनं त्याच्याकडं बघितलं. या थोरल्यासाठी आपण शेवटचं ठिकाण कधी बघितलं, ते त्याला आठवेना. पोरानंही कधी विचारलं नव्हतं.

आदिनाथ दूध काढायच्या आधी हात धुवायला मागच्या दाराशी गेला. आरशाच्या वरच्या कडेला, अगदी मधोमध, एक लाल टिकली होती. इतक्या वर लावायची तर टाचा उंच करूनच लावावी लागली असणार. तो ती बघत उभा राहिला. तिकडं गाई हंबरायला लागल्या तरी हलला नाही.

मग त्यानं आरसा उतरवला आणि खालच्या भिंतीवर बोटं फिरवली. चुन्याखाली जुनं भोक होतं, आईच्या वेळचं. त्यानं नखानं चुना खरवडला, हातोडी आणली आणि खिळा तिथं मारला.

सकाळी कारभारी दाढीला आला. आरशात त्याला आपला गळा आणि बंडीची गुंडी दिसली. तो कुणावर ओरडला नाही. छबू तिथंच उभी राहून कुंकू लावायची, ती उंची त्याला ओळखू आली. तो वाकला तेव्हा चेहरा दिसला, आणि चेहऱ्याच्या वर टिकली.

"आदिनाथ," त्यानं हाक मारली. दोघंही पोरं आली. एकाला बोलावलं की दोघं येतात, दुसरं काही नसतंच बघायला.

"रविवारी मला बी नेतो का?"

"एकट्यालाच बोलीवलंय."

"बरं." त्यानं ब्रश पाण्यात बुडवला, तो तसाच हातात धरला. "मग त्यांस्नी सांग, घरात बाई न्हाई. आन का न्हाई ते बी सांग."

"का म्हंजी?"

"दोन हुत्या," कारभारी आरशाकडं बघत म्हणाला. "ह्या अजिनाथच्या पाठच्या. तुझ्या आधीच्या. येत हुत्या, मीच नगं म्हनलो. नगरला नेलं तुमच्या आयला, दोनदा. आज असत्या तर तिची येनी घालाया असत्या. ते बी सांग, लपवू नगं. न्हाईतर पुन्यांदा खोटंच हुईल."

अजिनाथ दाराच्या चौकटीला धरून उभा होता, त्याचा हात खाली आला. आदिनाथ बापाच्या पाठीकडं बघत राहिला, आणि ती पाठ तशीच, गुडघ्यात वाकलेली, आरशासमोर थांबली होती. मग कारभारीनं गालाला साबण लावला आणि वाकूनच दाढी करायला सुरुवात केली.